अर्धा घाव आणि अख्खा कोयता

कोयता निवडताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची असते: आपले होणारे सासरे कुठे उभे आहेत.

मला हे कोणी सांगितलंच नाही! लांबी बघ म्हणाले, वजन बघ म्हणाले, मूठ बघ म्हणाले. सासरे बघ असं एकही जण म्हणाला नाही. म्हणून हे सगळं झालं, आणि म्हणून मी हे टाइप करत बसलोय. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मला सवय आहे, मी शेवटच आधी सांगून मोकळा होतो.

तर शर्ली उमेळ्याची आणि मी बोळिंजचा. शर्लीच्या घरी केळीची वाडी आहे. आमच्या घरी बाल्कनीत एक मनी प्लांट आहे (तोही मम्मीने दोनदा बदललाय, पप्पांना वाटतं तोच आहे). आमचं जमलं, मग घरी सांगितलं, मग मम्मी-पप्पा मला घेऊन रीतसर उमेळ्याला बोलणी करायला गेले. शर्लीचे पप्पा, म्हणजे इनासकाका, अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझं शिक्षण ऐकलं, नोकरी ऐकली, मी चर्चच्या कॉयरमध्ये गिटार वाजवतो हेही ऐकलं, चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की वाडीत या. राजेळी केळीचा एक घड उतरवायचाय. येताना आपला कोयता आणा."

बस! 'हो' नाही, 'नाही' नाही, काहीच नाही. डायरेक्ट कोयता!

मी घरी आल्या आल्या शर्लीला फोन लावला.

"शर्ली, तुझे पप्पा मला कामाला लावतायत का?"

"अरे वेड्या, ती परीक्षा आहे!"

"कसली?"

"जावयाची! ताईच्या वेळेला पण हेच केलं होतं. घड डाग न पडता खाली आला, की तोच पिकत घालायचा आणि त्याच केळ्यांवर साखरपुडा. भाओजींच्या घडाला एक ओरखडा नव्हता."

"आणि डाग पडला तर?"

शर्लीने आवाज खाली आणला. "भाओजींच्या आधी ताईला एक स्थळ आलं होतं ना..."

"हां?"

"ते गेलं."

मी म्हटलं, "अगं पण माझ्याकडे कोयता कुठे आहे? मी काकांचाच घेतो ना हातात. तिथेच तर असेल."

"चुकूनही म्हणू नकोस!" शर्ली एवढ्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "आमच्याकडे कोणी कोणाचा कोयता उचलत नाही. मूठ ज्याच्या त्याच्या हाताला बसलेली असते. आई सुद्धा पप्पांच्या कोयत्याला हात लावत नाही. तुझा तू आण. आणि विनू, चांगला आण हां!"

आता 'चांगला' म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी म्हटलं, कोयता तर कोयता! एवढं काय!

मी घरात जाहीर केलं आणि पप्पा सोफ्यावरून उठले. असे उठले, की जणू गेली तीस वर्षं याच क्षणाची वाट बघत होते.

इथे पप्पांचं थोडं सांगायला हवं. आमच्या पणजोबांची पण वाडी होती. म्हणजे खरंच होती, वसईतच. ती विकली तेव्हा पप्पा बालवाडीत होते. आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे. त्या वाडीतली पप्पांना एकच गोष्ट नीट आठवते, ती म्हणजे तिथे त्यांना मुंग्या चावल्या होत्या. पण घरात भाजीवाल्याकडची केळी जरी आली, तरी पप्पा एक केळं उचलून नाकाला लावणार आणि म्हणणार, "आमच्या वाडीतल्या केळ्याची सर नाही!"

"कोयता मी निवडणार," पप्पा म्हणाले. "हे रक्तात असावं लागतं."

"रक्तात तुमच्या शुगर आहे," मम्मी आतून म्हणाली.

पप्पांनी दुर्लक्ष केलं. "विनित, नीट ऐक. कोयता म्हणजे बॅट. हलक्या बॅटने सिक्स जाते का? नाही जात! वजन पाहिजे. वजन असलं की हाताला काही करावं लागत नाही, कोयताच सगळं करतो."

(हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कोयत्याने खरंच सगळं केलं.)

"तुम्ही शेवटची सिक्स कधी मारली होती हो?" मम्मी.

"विषय बदलू नकोस."

मी आपला नव्या जमान्याचा. मी व्हिडिओ बघायला बसलो. एक जाडजूड दाढीवाला माणूस जंगलात उभा राहून सांगत होता की पातं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असावं. दुसरा म्हणाला, छे, तेवढं लांब असेल तर मनगट जातं. तिसऱ्याने काहीच सांगितलं नाही, फक्त सपासप झाडं तोडली आणि मागे म्युझिक लावलं. मला तिसरा सगळ्यात पटला.

मग मम्मीच्या शिवणकामाची टेप घेऊन माझा हात मोजला. पप्पांनी स्वतःचाही मोजून घेतला (का, ते त्यांनाच माहीत). मग वजनाचा अंदाज यावा म्हणून किचनमधला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि एकेक वस्तू ठेवून बघायला लागलो. लाटणं, बत्ता, वरवंटा. वरवंटा पप्पांना पसंत पडला. "हां! हे कसं, हातात काहीतरी आहे असं वाटतं! फिरवून बघ."

मी फिरवून बघितला. आमच्या शोकेसला आता एका बाजूला काच नाही.

मम्मी झाडू घेऊन आली. काचा गोळा करता करता म्हणाली, "केळीचं झाड आहे ते. मऊ असतं, नुसतं पाणी. माझी भाजीची सुरी घेऊन जा."

आम्ही दोघं बापलेक पोट धरून हसलो. भाजीची सुरी! इनासकाकांसमोर! पप्पा तर डोळे पुसत म्हणाले, "बाईमाणसाला कोयत्यातलं काय कळणार!" त्यावर मम्मीने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यानंतर त्या दिवशी पप्पांना दुसरा चहा मिळाला नाही.

शनिवारी आम्ही वसईच्या बाजारात गेलो. लोखंडी सामानाचं एक छोटंसं दुकान. बाहेर विळ्या, कुदळी, फावडी आणि कोयते ओळीने टांगलेले. बारके, मधले, वाकडे, सरळ, सगळे. आणि सगळ्यात वर, दुकानाच्या पाटीच्या बाजूला, एक भलामोठा कोयता साखळीने बांधलेला. पातं माझ्या हाताएवढं, पुढचं टोक रुंद आणि जाड. सूर्याचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. मी आणि पप्पा एकदम थांबलो. दोघांच्याही मनात तेच!

दुकानदाराला घाई होती. "कशाला पाहिजे?"

आता इथे सरळ सांगायचं ना, की एक केळीचा घड उतरवायचाय! पण पप्पा म्हणाले, "सगळ्याला!"

"म्हणजे? नारळ? लाकूड? फांद्या?"

"आमची वाडी होती," पप्पा म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं ते बरोबर उत्तर आहे.

"मग हा घ्या," म्हणून त्याने एक मधला कोयता काढला. पप्पांनी तो दोन बोटांत धरला आणि चिमणीचं पिल्लू परत करावं तसा परत केला.

"तो वरचा दाखवा."

"तो शोला लावलाय काका."

"आम्हाला तोच हवाय."

"अहो, तो कोण वापरत नाही! लांबून दुकान दिसावं म्हणून बनवून घेतलाय!"

"बघितलंस?" पप्पा माझ्या कानात म्हणाले. "चांगला माल हे लोक असा लपवून ठेवतात." (पाटीच्या बाजूला! साखळीने! लपवून!)

दुकानदाराने शेवटी हात जोडले, साखळी सोडली, आणि तो कोयता आमचा झाला. रिक्षात तो मी मांडीवर घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळला होता, पण टोक बाहेर येत होतं. रिक्षावाल्याने बोळिंजपर्यंत आरशातून नजर काढली नाही आणि एकही सिग्नल मोडला नाही.

संध्याकाळी प्रॅक्टिस. हॉलमध्ये शोकेसची एक काच अजून शिल्लक होती, म्हणून मी गच्चीवर गेलो. बरोबर एक दुधी नेला. दुधी उभा ठेवला, पाय फाकवले, कोयता डोक्यावर नेला... आणि एवढ्यात फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप.

'बी विंगच्या गच्चीवर एक मुलगा कोयता घेऊन उभा आहे!! लहान मुलांना आत घ्या!!'

समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. मला वाटलं आपण लोकांना धीर द्यावा. मी पटकन टाइप केलं:

'घाबरू नका, मीच आहे.'

हे लिहायला नको होतं, असं मला आता वाटतं. पुढच्या मिनिटाला सेक्रेटरी काका धापा टाकत वर आले, त्यांच्या मागे वॉचमन, आणि त्याच्या हातात बादली (बादली का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही).

"विनित, काय प्रॉब्लेम असेल तो आपण बोलून सोडवू," सेक्रेटरी काका लांबूनच म्हणाले. "पार्किंगचा विषय आहे का?"

"नाही काका, लग्नाचा."

"मुलीकडचे तयार नाहीत?"

"ते तयार व्हावेत म्हणूनच आणलाय!"

सेक्रेटरी काकांनी वॉचमनचा खांदा धरला. पुढे मला सगळं समजावून सांगायला खूप वेळ लागला. शेवटी मिटवामिटवी अशी झाली, की कोयता बिल्डिंगमध्ये उघडा दिसता कामा नये. आणि दुधी तसाच राहिला. म्हणजे मी प्रॅक्टिसचा एकही घाव न घालता परीक्षेला बसणार होतो.

आता रविवारी कोयता न्यायचा कसा? पिशवीत मावेना. गोणीत न्यावा तर मिस्सेला गोणी घेऊन कोण जातं? मग मला आयडिया आली. मला त्या आयडियाचा तेव्हा फार अभिमान वाटला होता. माझी गिटारची बॅग! कोयता आत असा बसला, की जणू मापच घेतलं होतं. गिटार घरी ठेवली. कॉयरच्या सरांना मेसेज टाकला की तार तुटलीय, आज नुसतं गातो.

सरांनी मेसेज वाचलाच नव्हता.

मिस्सा सुरू होण्याआधी आम्ही सगळे कॉयरवाले बाकांवर बसलो. सर कीबोर्डवरून म्हणाले, "विनित, काढ की गिटार. सूर जुळवायचाय."

"सर, तार तुटलीय."

"माझ्याकडे एक्स्ट्रा तारा आहेत. काढ, मी लावतो."

"नको सर, मोठी तुटलीय."

"अरे कितीही मोठी असू दे!" आणि प्रेमळ माणूस तो, स्वतःच वाकून त्यांनी चेन उघडली.

चेन अर्धी उघडली. सरांनी आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत आत बघितलं. मग हळूच चेन लावली आणि पहिलं गाणं एवढ्या वरच्या पट्टीत सुरू केलं, की सोप्रानोवाल्या मुलींचा पण श्वास अडकला. हळूहळू बातमी बाकावरून पुढे सरकली. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, फादर म्हणाले शांतीचं चिन्ह द्या, सगळ्यांनी सगळ्यांना हात दिले. मला कोणी दिला नाही. टेनरवाल्या सायमनने लांबूनच हात जोडले.

मिस्सा झाली आणि मी, मम्मी, पप्पा रिक्षाने उमेळ्याला. मी नवीन कोरा पांढरा शर्ट घातला होता. परीक्षा ती परीक्षा!

वाडीत इनासकाका तयारच होते. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट, खांद्यावर गोणपाटाची घडी. बाजूला फिलूमावशी, म्हणजे शर्लीची आई, आणि शर्ली. काकांनी माझ्या पाठीवरची बॅग बघितली.

"गाणं म्हणून उतरवणार का घड?"

काका जोक मारतायत! मूड चांगला आहे! मी एकदम खुश होऊन चेन उघडली आणि कोयता बाहेर काढला.

कावळा पण ओरडायचा थांबला (असं मला वाटलं. शर्ली म्हणते कावळा नव्हताच).

"अगो बाय," फिलूमावशी म्हणाली.

"विनू," शर्ली दात आवळून म्हणाली, "हे काय आणलंस?"

"चांगला आण म्हणालीस ना!"

काकांनी स्वतःच्या कमरेचा कोयता काढून बघितला. बारीक पातं, झिजून झिजून अजूनच बारीक झालेलं. मग माझा बघितला. मग परत स्वतःचा. "हा कोणी निवडला?"

"मी," पप्पा छाती पुढे काढून म्हणाले. "आमची पण वाडी होती."

काका एवढंच म्हणाले, "हं." त्या एका 'हं'मध्ये आमच्या पणजोबांपर्यंत सगळे आले.

पण त्यांचा नियम तो नियम. माझा कोयता मीच वापरायचा. काकांनी झाड दाखवलं. चांगलं उंच राजेळीचं झाड, आणि वर लटकलेला तो घड! फण्यांवर फण्या, भरदार, हिरवागार. माझा अख्खा साखरपुडा तिथे हवेत लटकत होता.

"हे बघा," काका म्हणाले. ते मला 'तुम्ही' म्हणायचे, पाहुण्यासारखं. "बुंध्याला अर्धा घाव द्यायचा. अर्धाच. पूर्ण नाही. झाड मग स्वतःच हळूहळू वाकतं. वाकलं की घड माझ्या खांद्यावर येतो. मी धरला की मग वरचा दांडा कापायचा. कळलं?"

"अर्धा," मी म्हटलं.

"अर्धा."

"अर्धाच रे विनू!" शर्ली.

काका झाडाच्या पलीकडे, पाण्याच्या पाटाजवळ जाऊन उभे राहिले. खांदा पुढे केला, दोन्ही हात वर. पप्पांनी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. मम्मीने क्रूसाची खूण केली.

मी कोयता उचलला. आणि त्या क्षणी, कोयता हवेत माझ्या डोक्यावर असताना, मला एकदम सगळं समजलं. म्हणजे विचार करा ना! आम्ही आठवडाभर काय शोधत होतो? सपकन कापणारा कोयता. आणि इथे काम कशाचं होतं? मध्येच थांबण्याचं! त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये, त्या वजनकाट्यावर, त्या बॅटच्या गप्पांमध्ये थांबायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बुंधा मऊ, नुसतं पाणी (मम्मीचे शब्द!). हलका कोयता अर्ध्यात आपोआप अडकतो. आणि माझ्या हातात होती दुकानाची पाटी!

पण कोयता तोपर्यंत खाली निघाला होता. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. खरंच केला! तोंडाने "थांब थांब थांब" असं म्हणतही होतो. पप्पा म्हणाले होते तसंच झालं, हाताला काही करावं लागलं नाही. तो बुंध्यात एका बाजूने शिरला, दुसऱ्या बाजूने बाहेर आला, पुढे वाडीला पाणी देणारा प्लास्टिकचा पाइप कापला आणि मग जमिनीत रुतून थांबला.

मध्ये एक क्षण काहीच झालं नाही. झाडालाही बहुतेक कळलं नव्हतं.

मग ते अख्खंच्या अख्खं, पानांसकट, घडासकट, माझ्या साखरपुड्यासकट, सरळ इनासकाकांवर गेलं!

धप्प!

काका दिसेनासे झाले. नुसती पानं. पाइपमधून कारंजं उडालं ते थेट पप्पांच्या मोबाईलवर. पप्पा ओरडले, "आमच्या वेळेला पाइप नव्हते!" बुंध्यातून चिकाचं पाणी माझ्या पांढऱ्या शर्टवर सांडलं. शर्ली पळत आली, फिलूमावशी पळत आली, मम्मी चप्पल टाकून पाटात उतरली.

"अहो!" फिलूमावशी पानं बाजूला करत ओरडली. "अहो, आहात का?"

पानांच्या खालून काही वेळ आवाजच नाही. मग खालून, अगदी शांत आवाजात:

"आधी घड बघ."

आम्ही सगळ्यांनी मिळून पानं ओढली. काका पाटातल्या चिखलात उताणे पडले होते आणि छातीशी दोन्ही हातांनी घड धरला होता. बाप्तिस्म्याला बाळ धरतात ना, तसा! फिलूमावशीने गुडघ्यावर बसून एकेक फणी बघितली. वरून बघितली, खालून बघितली. मी, शर्ली, मम्मी, पप्पा, सगळे श्वास रोखून उभे. पाइपचं पाणी आमच्यावर पडत होतं, पण कोणी हललं नाही.

"डाग नाही," मावशी म्हणाली.

"विनू!" शर्लीने माझा चिकट हात धरला. "डाग नाही!"

काका चिखलातून म्हणाले, "नसेलच. मी धरलाय."

आणि इथे मम्मी बोलली. मम्मी पाटात, घोट्यापर्यंत पाण्यात, साडी वर धरून. "म्हणजे झालं ना, इनासभाऊ?"

"काय झालं?"

"घड उतरला."

"उतरला?" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाडला त्याने! माझ्यावर!"

"पण खाली आला."

"मी धरला म्हणून!"

"मग धरायला तुम्हीच उभे होता ना? मोठ्या जावयाच्या वेळेला कोणी धरला होता?"

काकांनी घड अजून घट्ट धरला. फिलूमावशी हळूच म्हणाली, "तुम्हीच."

"डाग पडला नाही तर साखरपुडा, असंच ठरलंय ना तुमच्याकडे?" मम्मी सोडायलाच तयार नाही. "कोयता केवढा असावा, असं काही ठरलेलं होतं का?"

काकांनी आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग घरच्या बोलीत काहीतरी बराच वेळ बोलले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि शर्लीने आजपर्यंत त्याचा अर्थ सांगायला नकार दिलाय. पण फिलूमावशी तोंडाला पदर लावून हसली, म्हणून मी पण हसलो.

"आधी मला उठवा," काका शेवटी म्हणाले.

घड पिकत घातला. केळी पिवळीधमक झाली, आणि ठरल्याप्रमाणे उमेळ्यातच, घरासमोरच्या अंगणात साखरपुडा झाला. पप्पा प्रत्येक पाहुण्याला केळं देताना सांगत होते, "आमच्या विनितने उतरवलेला घड!" इनासकाका कमरेला पट्टा बांधून खुर्चीत ताठ बसले होते. कोणी विचारलं की ते फक्त माझ्याकडे बोट दाखवायचे. तो कोयता आता आमच्या बाल्कनीच्या दाराला टेकवून ठेवलेला असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. त्या कामाला त्याचं वजन एकदम बरोबर आहे.

मग केक आला. फिलूमावशीने छान लांब स्टीलची सुरी आणली होती, रिबन बांधलेली. मी हात पुढे केला.

"थांब गो," इनासकाका मावशीला म्हणाले.

पट्ट्यावर हात ठेवून ते खुर्चीतून उठले. मावशीच्या हातातली ती सुरी घेतली आणि बाजूला ठेवली. केकच्या रिकाम्या बॉक्समध्ये हात घातला आणि आतून बेकरीवाल्याने फुकट दिलेली प्लास्टिकची पांढरी सुरी काढली. ती तळहातावर ठेवली. वर-खाली करून वजन बघितलं. कोपराला लावून लांबी बघितली. अंगणात जमलेली सगळी माणसं बघत होती. सेक्रेटरी काकांनी मुद्दाम मागची खुर्ची पकडली होती, ते पण उठून बघायला लागले.

"ही तुमच्या मापाची," काका म्हणाले आणि सुरी माझ्या हातात दिली. मग मोजूनमापून लांब जाऊन, आंब्याच्या झाडामागे उभे राहिले.

अख्खं अंगण हसलं. मी म्हटलं, आता दाखवतोच! मला आता सगळं माहीत होतं. वजन बरोबर, लांबी बरोबर, सासरे लांब. मी शर्लीचा हात धरला, श्वास घेतला, आणि अगदी हळू, अगदी नाजूक, बरोबर अर्धा घाव दिला.

कट्!

सुरी मोडली. अर्धी केकमध्ये, अर्धी माझ्या हातात.

शर्लीने डोळे मिटले. मग आंब्याच्या झाडामागून इनासकाकांचं नुसतं डोकं बाहेर आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला 'तुम्ही' सोडून ते म्हणाले,

"विनित, तू हातानेच तोड रे बाबा!"